दाजींची पाटावरची गिरणी

आमच्या दाजींइतका सरळ, आणि त्या सरळपणापायी इतक्या शिव्या खाल्लेला माणूस सोलापुरात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कापडाच्या गिरणीत त्यांचं काम एकच: हातात घड्याळ घेऊन मागांमधून हिंडायचं आणि कुठला चालू, कुठला नादुरुस्त, कुठला उगाच रिकामा उभा आहे ते टिपायचं. ही खोड त्यांनी घरीही आणली. अक्का दुपारी जरा आडवी झाली की हे म्हणायचे, "दुरुस्तीसाठी बंद." 'रिकामी' म्हणायची छाती नव्हती. माझ्या लग्नाच्या पंगतीत जिलबी यायला उशीर झाला, तर माझ्याकडे बोट दाखवून व्याह्यांना म्हणाले, "मालाअभावी बंद हाय." सासरची मंडळी अजून मला त्यावरून हसतात.

संध्याकाळी हात-पाय धुऊन झाले की दाजी जेवायच्या पाटावर आख्खी गिरणी मांडत. एकेक चिंचोका म्हणजे एकेक माग. मग कवड्या टाकायच्या. सगळ्या पालथ्या पडल्या की कुठल्या तरी मागाचा धागा तुटला; तो चिंचोका बाजूला. अशी पुढच्या महिन्यातली गिरणी ते आजच चालवून बघत. आमच्याच चाळीत समोरच्या खोलीत राहणारे, त्याच गिरणीतले विणकर नरसय्या कवड्या टाकायला हौसेनं येत, आणि स्वतःचा चिंचोका बाजूला गेला की खरोखर हळहळत. खेळातली पाळी संपली की दाजी सगळ्यावर पंचा टाकत. झाकलेला वेळ हिशेबात धरायचा नाही, हा त्यांचा धर्म. "पाळीच न्हाई, तर मागाला रिकामा म्हणणारे आपण कोण?" असं ते विचारत. अक्का आतून ओरडे, "अहो, ती गिरणी उचला की! भाकऱ्या निवायल्यात."

मग मालकांनी मुंबईहून दोन हुशार साहेब आणले. गिरणीची रात्रपाळी मालकांनीच केव्हाची बंद केली होती. पण या साहेबांनी दिवस-रात्र सगळे तास धरले आणि माग फार वेळ रिकामे राहतात, कामगार आळशी आहेत, असा निकाल दिला. दाजींना त्यावर सही करायला सांगितलं. दाजींनी केली नाही. सायकलला पाट बांधून, डब्यात चिंचोके घालून ते थेट ऑफिसात गेले आणि साहेबांच्या टेबलावर कवड्या टाकायला बसले. आधी सगळे हसले. मग रात्रीवर पंचा पडला आणि हसू थांबलं, कारण उरलेल्या दोन पाळ्यांत माग जवळजवळ अखंड चालत होते. रात्र वगळून आकडे बदलले गेले आणि त्या नव्या अहवालावर दाजींनी सही केली. त्या संध्याकाळी दाजींनी सगळ्या चाळीला भजी खाऊ घातली.

पण साहेब तेवढ्यासाठीच शिकलेले असतात. माग इतके अखंड चालूनही तोटा होतो, म्हणजे आता सुधारायला जागाच उरली नाही, असं त्यांनी ठरवलं आणि मागांचं खातंच बंद केलं. गेटवरच्या नोटिशीत खाली दाजींच्या अहवालाचा दाखला होता. पहिल्या हिशेबानं माग रिकामे म्हणून खातं बंद होणार होतं, दुसऱ्यानं माग अखंड चालतात म्हणून झालं. ज्यांनी बंद केलं त्यांची तोंडं चाळीनं कधी पाहिली नाहीत. दाजींचं मात्र रोज दिसत होतं.

नरसय्या दारात येऊन म्हणाले, "दाजी, तुमच्या चिंचोक्यांनी आमची भाकरी खाल्ली की वो." त्यानंतर समोरचं दार आमच्याकरता कधी उघडलं नाही. नरसय्यांनी पुढं भिवंडीची वाट धरली; जाताना सगळ्यांचा निरोप घेतला, आमचा नाही.

मला राग आवरेना. मी एकदा दाजींना सरळ म्हणालो, "कशाला पडलात मध्ये? राहू द्यायचा होता तो खोटा आकडा. खातं तसंही जाणारच होतं."

"जाणारच होतं की," दाजी म्हणाले. "पण तवा कागदावर राहिलं असतं, नरसय्या आळशी होता म्हणून गेलं. ते मला चाललं नसतं."

हे चाळीत ओरडून सांगावं असं मला फार वाटतं. पण एकेक करून खोल्या रिकाम्या झाल्या, आणि आता सांगू तरी कुणाला?