ओजसचे ड्रॉप्स

तिसऱ्यांदाही ड्रॉप्स माझ्या एप्रनवरच आले. नारिंगी डाग, संत्र्याच्या गोळीसारखा वास. तपासणीच्या टेबलावर आडवा पडलेला ओजस ओठ मिटून माझ्याकडे पाहत होता. एवढंसं बाळ, पण दुकानाचं शटर ओढावं तसं तोंड बंद केलं होतं.

पडद्याच्या पलीकडून डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, बच्चे के पेट में कितना गया और आपके कपड़ों पे कितना?"

"सब कपड़ों पे, सर."

"फिर तो हड्डियाँ आपकी मज़बूत होंगी, उसकी नहीं."

मोबाइल अजून फक्त डॉक्टरांच्या खिशात असायचा, त्या काळातली ही गोष्ट. मी हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, राइट टाउन भागातल्या एका मुलांच्या दवाखान्यात नर्स होते. सकाळी दारासमोर स्कूटरींची रांग, आत रडण्याचा कोरस, आणि मधोमध मी. आज मागे वळून पाहते तर तो गोंगाटच आठवतो आणि बरं वाटतं. तेव्हा मात्र डोकं उठायचं.

ओजस दिवस भरायच्या आधीच जन्मला होता. आईच्या पोटातल्या शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हाडांचा साठा भरत असतो. लवकर आलेल्या बाळाचा तो साठा अर्धवट राहतो, म्हणून त्याला रोज व्हिटॅमिनचे ड्रॉप्स द्यावे लागतात. औषध साधं आहे, पण ते रोज पोटात जायला हवं. ओजसच्या पोटात ते जात नव्हतं. डॉक्टरांनी त्याचं मनगट चिमटीत धरून पाहिलं, मग माझा हात धरून तिथं टेकवला. मनगटाचं हाड जरा रुंद लागत होतं. मुडदुसाची सुरुवात.

डॉक्टर ओजसच्या आईला, मृदुलाला, म्हणाले, "एक महीना देखते हैं. नहीं गया तो भर्ती करके नली से देना पड़ेगा."

नळीचं नाव काढताच तिचा चेहरा उतरला. जन्मल्यावर ओजस कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होता. नाकात नळी, आणि ही बाहेरून काचेला हात लावून उभी. ते सगळं मला तिनं व्हरांड्यात सांगितलं आणि म्हणाली, "दीदी, नळी नको. बाकी काय सांगाल ते करते मी."

मला यादीशिवाय विचार करता येत नाही. घरचे हसतात, हसोत. प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे मी लिहिलं: वेळ, भूक, चव, ड्रॉपर, पद्धत. आणि तिला एकेक विचारत गेले.

"दुधात घालून पाहिलं?"

"पाहिलं. पण तो बाटलीत थोडं दूध ठेवतोच."

"मग औषधही बाटलीतच राहतं. दुधात घालायचं नाही. आणखी?"

ती घुटमळली. "आईंनी एकदा नाक दाबून दिलं. श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि औषध भलतीकडे गेलं. ओठ निळे पडले, दीदी. तेव्हापासून मी ड्रॉपर हातात घेतला की माझाच हात थरथरतो."

'आई' म्हणजे तिच्या सासूबाई. नाक दाबणं कायमचं बंद, हे मी तिला बजावलं. तोंड उघडतं हे खरं, पण त्याच वेळी श्वासही आत ओढला जातो आणि औषध फुप्फुसात जाऊ शकतं. मग ड्रॉपर कसा धरायचा ते दाखवलं: समोरून जिभेवर नाही, तोंडाच्या कोपऱ्यातून, गाल आणि हिरडीच्या मध्ये, हळूहळू. तिला पटलं. ओजसला पटलं नाही. चौथी पिचकारीही माझ्यावरच.

"घरी कोण देतं?" मी विचारलं.

"आईच. बाळाचं सगळं आईच करतात."

हे 'कोण' माझ्या यादीत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी मोपेड काढली आणि शहराच्या सदर भागात गेले.

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. डिसेंबरातलं कोवळं ऊन पायरीवर पडलेलं. सासरे फॅक्टरीतून रिटायर झालेले. पेपर घेऊन बसले होते. सासूबाईंनी, म्हणजे माझ्या लेखी काकूंनी, मला पाहिलं आणि पदर खोचला.

"या सिस्टर. तपासणीला आल्या काय माझ्या?"

"नाही हो काकू. तुमच्या हातचा चहा प्यायला."

"चहा मिळेल. पण आधी बाळाची अंघोळ. थांबा अन् पाहा, आम्ही काय करून राहिलो ते."

मी पाहिलं. अजून डोळ्यांसमोर आहे ते. काकू मोरीत पाटावर बसल्या, पाय लांब केले आणि ओजसला पायांवर घेतलं. तेल, मालिश, मग ऊन पाण्याचे तांबे. आधी तो किंचाळला, मग सैल पडला. काय हात होता त्या बाईंचा! माझ्या दोन्ही मुलांना माझ्या आईनं नागपूरला अशीच अंघोळ घातली होती. मोरीतली ती वाफ नाकात गेली आणि क्षणभर मी कशासाठी आले तेच विसरले.

अंघोळीनंतर गुटी. सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, एकेकाचे मोजके वळसे. काकूंनी ते बोटानं गोळा केलं आणि पायांवरच आडव्या असलेल्या ओजसच्या जिभेवर लावलं. त्यानं आकांत केला. तो शमतो न शमतो तोच काकूंनी ड्रॉपर उचलला. औषध टॉवेलवर.

"पाहिलं ना?" काकू म्हणाल्या. "काहून असा करते हा, कळतच नाही. तुमची कंपनी बदला, सिस्टर. औषधच खराब आहे."

मी ड्रॉपरमधला एक थेंब स्वतःच्या जिभेवर घेतला. गोड होता. यादीतली चव मी खोडली.

थोड्या वेळानं आजोबा त्याला काखेत घेऊन फाटकाशी उभे राहिले. रस्त्यावरून ऑटो जात होते. ओजस ताठ बसून पाहत होता आणि तोंड सताड उघडं. आजोबांच्या शर्टाचं बटण तोंडात, मफलरचं टोक तोंडात, पेपरचा कोपरा तोंडात.

"अहो, पेपर खाऊन राहिला तो!" काकू आतून ओरडल्या.

"खाऊ दे. मी वाचला आहे," आजोबा म्हणाले.

म्हणजे या बाळाला तोंडात काही घ्यायची हौसच होती. आडवं केलं की संप. आडवं केलं की तोंडात कडू येतं, एवढं तो शिकला होता. माझ्या टेबलावर तरी मी त्याला कसा ठेवला होता? आडवाच.

"काकू, ड्रॉप्स इथे फाटकाशी देऊ. आजोबांच्या काखेत, उभ्यानं."

"उभ्यानं? औषध पायावर घेऊनच देतात. चार पोरं वाढवली मी."

"तुम्ही आडव्या पडून चहा पिता का?"

"मी काय बाळ आहे?" म्हणाल्या खऱ्या, पण हसल्या. "चलो, तुमचंही करून पाहू."

त्यांनी ड्रॉपर भरला आणि मी सांगितलं तसा अगदी बरोबर ओठांच्या कोपऱ्याशी नेला. ओजसचं नाक हललं. हात जवळ येताच शटर बंद. मान फिरवून त्यानं आजोबांच्या खांद्यात तोंड खुपसलं.

माझी यादी संपली होती. मृदुला दारात उभी होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून.

काकूंनी ड्रॉपरकडे पाहिलं. मग बोटं नाकाशी नेली. पुन्हा नेली.

"वेखंड," त्या हळूच म्हणाल्या.

समोरून एक ऑटो खडखडत गेला.

"मृदुला, इकडे ये ग. तूच दे."

"आई, मला भीती वाटते."

"मी आहे ना इथं. माझ्या हाताला गुटीचा वास आहे, त्याला वाटते आजी पुन्हा कडू घेऊन आली. तुझ्या हाताला दुधाचा वास आहे. दे."

मृदुलानं पदरातून हात सोडवून ड्रॉपर घेतला. काकूंनी तिचं कोपर खालून धरलं, पण आपली बोटं बाळापासून दूर ठेवली. आजोबांनी ऑटो दाखवला. ओजसचं तोंड उघडं होतंच. ड्रॉपर कोपऱ्यातून आत गेला. त्यानं चाखलं, ओठ हलवले आणि गिळलं. मग आणखी हवं म्हणून ड्रॉपरच धरला.

मृदुला रडायला लागली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि माझ्यावर खेकसल्या, "तुमचा चहा थंड होऊन राहिला ना!"

महिना झाल्यावर तिघं त्याला घेऊन आली. डॉक्टरांनी मनगट पाहिलं. हाड आणखी रुंद झालेलं नव्हतं. उन्हाळ्यापर्यंत ते इतर मुलांसारखं झालं. नळीचा विषय पुन्हा निघाला नाही.

"कैसे पिलाया?" डॉक्टरांनी विचारलं. "सिस्टर ने तो हार मान ली थी."

मृदुलानं सासूबाईंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "हिनंच पाजलं. मी तर नुसती बाजूला झाली." आणि जाता जाता मला दारात म्हणाल्या, "गुटी बंद, सहाण धुऊन ठेवली आहे. अंघोळ मात्र मीच घालते, ती कोणाला देणार नाही."

ती कोणी मागतही नव्हतं.

आता दवाखान्यात स्ट्रॉबेरीच्या चवीचे ड्रॉप्स येतात आणि आया मोबाइलवर गाणं लावून बाळाचं तोंड उघडवतात. तरी रोज एखादं बाळ शटर ओढतंच. औषध बदलण्याआधी मी त्याला उभं धरायला सांगते आणि स्वतःची बोटं हुंगते. बहुतेक वेळा स्पिरिटचाच वास असतो, सुईच्या आधी लावतो त्या स्पिरिटचा. मग मी ड्रॉपर आईच्या हातात देते. एप्रन स्वच्छ राहतो.