रविवारचं वजन

माझ्या बायकोच्या मामांइतका खरा माणूस मी बेंगळूरूत काय, कुठेच पाहिलेला नाही. आणि इतक्या खऱ्या माणसाकडे चहा पिणं किती अवघड असतं, हेही मला त्यांच्याकडेच कळलं. साखर किती घालू, असं ते विचारतात. आपण सहज 'थोडी' म्हणून जातो. मामा चमचा हवेत धरून 'थोडी म्हणजे?' असं म्हणतात आणि उत्तर मिळेपर्यंत तसेच उभे राहतात. एका सरकारी संशोधन संस्थेत ते मोजमापाची यंत्रं तपासायचे. इतरांचे काटे खरं बोलतात की नाही हे ठरवणारा काटा त्यांच्या ताब्यात असे. निवृत्तीनंतर संस्था सुटली, तपासणी काही सुटली नाही.

एकदा त्यांनी चिकपेटेच्या बाजारातून पडद्याचं कापड आणलं. घरी येऊन टेपने मोजलं, तर बोटभर जास्त भरलं. दुसरा कोणी असता तर दुकानदाराला मनातल्या मनात दुवा देऊन गप्प बसला असता. मामांनी ती बोटभर पट्टी कापली, घडी केली आणि मेट्रोने जाऊन परत करून आले. त्या पट्टीचं काय करायचं हे दुकानदाराला कळेना. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या अक्काचा काटा गिऱ्हाइकाला जास्त माल देत होता, तोही त्यांनी फुटपाथवर मांडी घालून दुरुस्त करून दिला. तेव्हापासून वजनावरून कोणी हुज्जत घातली की अक्का त्याला सरळ 'त्या अण्णांकडे जा' म्हणून मामांच्या फाटकाकडे बोट दाखवते.

बोलण्याच्या बाबतीत मात्र मामांचं माप फार आखूड. होय, नाही, बघू आणि कन्नडमधलं सरी, म्हणजे आपलं 'बरं', एवढ्या चार शब्दांवर त्यांचा संसार चालला. मामी पहिल्यापासून बोलक्या, पण भिंतीवर चेंडू टाकावा आणि तो परतच येऊ नये, असं त्यांचं झालेलं. इंदिरानगरातल्या त्या बैठ्या घराला आता चारी बाजूंनी हॉटेलांनी वेढा घातलाय. बाहेर एवढा गलका, आणि आत घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येते.

अशा घरात पेढा आला. पेढा म्हणजे गिनीपिग. त्याला उंदीर म्हणवत नाही आणि ससा म्हणावं तर कान पुरत नाहीत. मामांच्या मुलाची जर्मनीला बदली झाली तेव्हा नात इरा त्याला आजोबांकडे ठेवून गेली. ठेवताना एकच अट घातली, की दर रविवारी त्याचं वजन करून तिला फोनवर सांगायचं. मामांच्या आयुष्यात त्यांच्याकडे स्वतःहून आकडा मागणारं घरातलं हे पहिलंच माणूस. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

वजनाचा सोहळा बघण्यासारखा असे. आधी पंखा बंद. मग खिडक्या बंद. मग मामींचं बोलणं बंद. काटा पाण्यासारखा सपाट बसलाय ना, हे पाहायचं, पितळी वजन ठेवून त्याची परीक्षा घ्यायची, आणि मग मामींच्या पुरणाच्या पातेल्यात पेढ्याला बसवायचं. पुढे मामांनी ही शिस्त आठवडाभर लागू केली. पिंजरा मागच्या खोलीत हलवला, कारण तिथे वारा नाही, धक्का नाही, आवाज नाही. पेढ्याला विनाकारण हात लावायचा नाही, कोथिंबीर तोलूनच द्यायची, दार लोटून ठेवायचं. बाकीची वजनं ज्यावरून तपासतात त्या संस्थेतल्या मूळ वजनालासुद्धा याहून चांगली खोली मिळाली नसेल.

आणि पेढ्याचं वजन उतरू लागलं. पूर्वी फ्रिजचं दार वाजलं की शिट्ट्या मारणारा प्राणी, आता भिंतीकडे तोंड करून बसायचा. कोथिंबीर तशीच राहायची. मामांनी काटा तपासला, तपासणारं वजन तपासलं, हवेतला दमटपणा तपासला. डॉक्टरांनी दात पाहिले, पोट पाहिलं आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. पण पुढचा रविवार आला की आकडा आणखी खाली. मामी म्हणाल्या, पोरीला थोडं वाढवून सांगा हो. तेव्हा मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी देव्हाऱ्यातला देव विकायला सांगितलाय. मामांनी फोनवर खरा आकडा सांगितला. पलीकडून इराने विचारलं, "आजोबा, तो माझी वाट बघून बारीक होतोय का?"

याचं माप मामांकडे नव्हतं. त्या संध्याकाळी ते माझ्याशी एक वाक्य बोलले, आणि ते त्यांच्या मानाने भाषणच होतं. "जावईबापू, तिने जसा दिला तसा परत द्यायचाय हो मला." मला त्यांची फार काळजी वाटली.

मग नवरात्र आणि दसऱ्याचे दिवस आले. मामींनी या गावात आल्यापासून इथल्यासारख्या बाहुल्या मांडायची प्रथा घरात लावून घेतलीय. पुढची खोली पायऱ्यांनी आणि बाहुल्यांनी भरून जाते, म्हणून सामान मागे जातं आणि मागचं पुढे येतं. पेढ्याचा पिंजरा असाच बाहुल्यांशेजारी आला. रोज बायका येत होत्या, गाणी म्हणत होत्या, पोरं पिंजऱ्यात बोटं घालत होती, कोणी काकडी देत होतं, कोणी मांडीवर घेत होतं. असल्या गोंधळात वजन घेणं मामांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ते मागच्या खोलीत कपाळाला हात लावून बसले होते.

बाहुल्या पेटीत गेल्या, घर शांत झालं आणि मामांनी पंखा बंद करून पेढ्याला पातेल्यात ठेवलं. वजन वाढलेलं. काटा पुन्हा तपासला, तरी वाढलेलंच. शिवाय पेढा पातेल्यातून शिट्ट्या मारत होता. मामा मला म्हणाले, "काटा बरोबर होता. आपली खोलीच चुकली. त्याला कोणी बोलायला नव्हतं." मी मामींकडे पाहिलं. त्या पदराने पातेलं पुसत होत्या, आधीच स्वच्छ असलेलं.

चूक सापडली की ती दुरुस्त करायची, एवढंच मामांना माहीत. दुसऱ्या दिवसापासून ते पेढ्याला मांडीवर घेऊन बोलू लागले. सुरुवात फारच सरकारी होती, आजचं तापमान वगैरे. पण हळूहळू संस्थेतले साहेब आले, लहानपणची नदी आली, मामींना पाहायला गेले तेव्हा पोहे किती खारट होते आणि तरी त्यांनी दुसऱ्यांदा का मागितले, तेही आलं. मामी दाराआड उभ्या राहून ऐकायच्या. मला एकदा हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटायचं, यांच्याकडे सांगायला काही नाहीच." पुढे त्या दाराआड उभ्या राहीनात, खुर्ची घेऊन शेजारीच बसू लागल्या.

परवाच्या रविवारी मी तिथेच होतो. इराचा फोन आला. "आजोबा, वेट किती?" मामांनी मांडीवरच्या पेढ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे, आणि त्यांचा चेहरा गोरामोरा झाला.

"अगं, आज वजन करायचं राहिलं," मामा म्हणाले. "आम्ही गप्पा मारत बसलो होतो."

पलीकडून इरा म्हणाली, "मग मला पण सांगा ना, काय गप्पा मारल्या?"

मामांनी मामींकडे पाहिलं. मामी खुर्ची जरा पुढे सरकवून बसल्या. पेढ्यासारखे प्राणी फार वर्षं जगत नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलंय आणि मामा ते विसरलेले नाहीत. इरा परत येईल तेव्हा मांडीवर काय असेल, कोण जाणे. पण त्या दिवशी मामांनी घसा साफ केला आणि खारट पोह्यांपासून सुरुवात केली. पंखा चालू होता, खिडक्या उघड्या होत्या, आणि काटा कोपऱ्यात रिकामाच होता.