चौथं कणीस

नवापूरपासून चिंचपाड्यापर्यंत शेतातली पाखरं राखायला माझ्यासारखा दुसरा माणूस नव्हता. मी हाळी दिली की पाखरं यायची, कारण त्यांना ठाऊक होतं — धल्ला, म्हणजे हा म्हातारा, जेवायला बसला, आता सांडणार.

ही गंमत मी शंभरदा सांगितली आहे. लोक हसतात. मीबी हसतो. पण शेतातल्या त्या माळ्यावरची दुसरी गोष्ट मी परवापर्यंत कुणाला सांगितली नव्हती. बायकोला नाही, ती गेली बिचारी. देवाला बी नाही. देवाला कसं सांगणार? चोरी त्याच्याच वाट्याची होती.

तुला सांगतो. तू लांबचा माणूस आहेस.

म्हातारपणी मला औताला कुणी लावत नव्हतं. तोंडात एक दात उरला नव्हता, गुडघे गेले होते. घरात माझा उपयोग काय — तर मका दाण्यावर आला की माळ्यावर बसायचं, गोफण फिरवायची आणि नातवंडं सांभाळायची. ठगी नऊ वर्षांची, सुक्या पाचाचा. खरं म्हणशील तर तीच मला सांभाळायची. चढताना ठगी वरून हात द्यायची, सुक्या खालून ढुंगण ढकलायचा.

पण मजा करायचो आम्ही. खोटं नाही सांगत. पावसाचं जरा उघडलं की माळ्याखाली तीन दगडांची चूल. मोहाची वाळलेली फुलं खापरावर भाजायची, तीळ टाकायचे, दगडावर कुटायचे आणि लाडू वळायचे. नाल्यातला खेकडा सापडला तर निखाऱ्यात. चिंचोके भाजून खिशात. मी खेकड्यासारखा तिरपा चालायचो, मग पडायचो. निम्मा वेळ मुद्दाम पडायचो, निम्मा वेळ खराच. पोरांना फरक कळायचा नाही. आजा पडला की झालं.

सारजा, माझी सून, या पोरांची आई, दुपारी भाकर घेऊन यायची. तिसऱ्या खेपेची पोटुशी होती. डोक्यावर टोपली, पायाखाली चिखल. मला वाढायची तेव्हा भाकर ताकात कुस्करून द्यायची, न सांगता. बिनदाताच्या माणसाला एवढं करणारं माणूस घरात असावं लागतं. माझ्या घरात होतं.

आता आमच्याकडची रीत तुला सांगितली पाहिजे. नवं कणीस कितीबी भरू दे, गावदेवाला दाखवल्याबिगर कुणी तोंडात घालायचं नाही. सगळ्या गावानं एका दिवशी खायचं. पुजारा दिवस धरतो. कुणी आधी खाल्लं तर पिकावर देवाचा कोप होतो, आणि खाणाऱ्याला दिवाळीपर्यंत शिवेबाहेर झोपडीत बसावं लागतं. एकटं. पाणी बी लांबून.

त्या साली पाऊस हटेना. पुजाऱ्यानं आठ दिवस पुढं ढकलले, मग आणखी आठ. घरात नागलीची पातळ पेज आणि रानातली भाजी. मोहाची फुलं संपली. पोरं माळ्यावर बसून कणसांकडं बघायची. नुसती बघायची. मागत नव्हती — हेच वाईट. मागितलं असतं तर मी रागावलो असतो आणि विषय मिटला असता.

सुक्यानं एक दिवस कणसाला हात लावला आणि हात हुंगला.

झालं. मी चार कणसं तोडली.

पोरांसाठी तोडली, असं म्हणायला किती बरं वाटतं. पण पोरं दोन, खाल्ली त्यांनी दोघांत तीन — आणि चौथं? चौथं मीच खाल्लं. माझ्याकडं एक चाकू होता. तरणा असताना आगगाडीच्या रुळाच्या कामावर होतो, तिथल्या लोखंडाच्या तुकड्याचा लोहाराकडून करून घेतलेला. त्यानं दाणे कापले, दगडावर ठेचले, मीठ लावलं आणि चोखून चोखून खाल्ले. कणसाच्या केसांच्या मिशा लावून ठगीपुढं पुजारा झालो. म्हणालो, देवानं मला कानात सांगितलं, खा. ती हसून हसून उचकी लागेस्तोवर हसली. तिचं तसलं हसणं मी ते शेवटचं ऐकलं.

दाणे खाऊन उरलेले चारी बुडखे माळ्याखाली पुरले. पोरांना सांगितलं, कुणी विचारलं तर नाही म्हणायचं.

चार-पाच दिवसांत गावच्या मक्यावर अळी पडली. पावसानंच पडली असणार, दरसाल थोडी पडतेच. पण पुजारा गावातली माणसं घेऊन शेतं बघत निघाला. आमच्या शेतात आला तर माळ्याखाली कुत्र्यानं आधीच उकरून ठेवलेलं. सारजा भाकर घेऊन तेव्हाच पोचली होती. ती खाली वाकली, पदर सावरला, उभी राहिली. मला वाटलं पोट जड झालंय.

चिखलात तीन बुडखे पडले होते. दातांनी खाल्लेले. चौथा दिसला नाही. मी मनात म्हटलं, कुत्र्यानं नेला. कुत्र्याचे आभार बी मानले.

माणसं माझ्याकडं वळली. त्यातला एक म्हणाला, "धल्लाले दात कथा शेतस?" सगळे हसले. मी तोंड उघडून दाखवलं, आणखी हसले. मग ठगीला विचारलं. नऊ वर्षांची पोर — तिनं माझ्याकडं पाहिलं. मी चिलमीत बोट घालून कोरत बसलो. ती म्हणाली, नाही. सुक्या बी नाही म्हणाला.

मग उरलं कोण? रोज माळ्यावर येणारी, पोटुशी, डोहाळ्यांची बाई. कुणी बोललं नव्हतं अजून. सगळी माणसं नुसती सारजाकडं बघत होती. तेवढ्यात मी बोललो. मला कुणी विचारलं होतं का? नव्हतं. पण लोक गप बसले की माझ्या जिभेला खाज सुटते, आणि त्या दिवशी भीती बी होती — दिवाळीपर्यंत एकटं, पावसात, हे गुडघे घेऊन.

मी म्हणालो, "पोटुशी बाईनी जीभ देवलेबी इचारत नही."

हसली सगळी. पुजारा बी हसला. हसण्यातच निकाल लागला. मी साक्ष दिली नाही, शपथ घेतली नाही, खोटंसुद्धा बोललो नाही बघ — नुसती गंमत केली. अशी गंमत करायला अक्कल लागते. ती तेवढी मला देवानं दिली.

सारजानं टोपली उघडली. माझी भाकर ताकात कुस्करली आणि पुढं ठेवली.

पोटुशी म्हणून तिला शिवेबाहेर बसवलं नाही. पण बियाण्याची कणसं निवडायचं काम तिचं होतं. तिच्या हाताचं बी सगळ्या गावात नेत. ते काढून घेतलं. नवं खायच्या दिवशी आधी गावाचं पान, मग गुराढोरांचं, मग सारजाचं. एक साल नाही, दरसाल. पोटातली पोर जन्मली, तिचं नाव आम्ही काहीबी ठेवलं तरी गाव तिला चोट्टीच म्हणायचं. हाकेला ओ द्यायची ती पोर. तिला वाटायचं, हेच नाव आहे आपलं.

आणि ठगी — आईला चोर म्हणतात ते ऐकत वाढली आणि गप राहिली, कारण मी शिकवलं होतं. पुन्हा माळ्यावर आली नाही. मी पडलो तर उठवायची, पण हसायची नाही. तिचं लग्न झालं, धडगावकडं दिली, निघताना पाया पडली. तोंडाकडं नाही पाहिलं.

इतकी सालं मी दरसाल म्हणायचो, औंदा सांगतो. मग कुणीतरी म्हणायचं, धल्ला, काहीतरी सांग ना, आणि मी पाखरांची गंमत सांगायचो.

परवा सांगितलं. सारजालाच. आता तिचे बी केस पांढरे झालेत. दुपारची चुलीपुढं होती. कोवळा मका वाटून, पळसाच्या पानात थापून, निखाऱ्यावर भाजत होती — माझ्यासाठी, मऊ लागतं म्हणून. मी सगळं बोललो. चार कणसं, चाकू, मिशा, ती गंमत. कसं बोललो विचारू नकोस. निम्मं रडत, निम्मं खोकत.

तिनं पान उलटलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"माहीत शे माले," ती म्हणाली. "चौथं मीच उचलं आनि चुल्हामा घालं. दाणा चाकूनी काढेल व्हतात."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस गं? मला बिचाऱ्याला वाचवलंस?

"तुम्हले शिवबाहेर बसाडं असतं, ते रोज तठे भाकर लई कोन जातं? मीच ना. खा आते, थंडं व्हई ऱ्हायनं."