ताईचा दात आणि घासायची खोड

दातांच्या लॅबमध्ये त्याला सगळे 'अजून थोडं' म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तयार कामावर अजून थोडा हात फिरवल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे. वीस वर्षं झाली, अक्कल मात्र अजून वाटेतच होती.

शुक्रवारी दुपारी ताईचा शाळेतला निरोप समारंभ. आईच्या मागे तिनंच याला वाढवलं. जिन्यात पडून तिचा पुढचा दात तुटला होता, आणि दोन महिने ती तोंडावर हात धरूनच बोलायची. मुख्याध्यापिका असून भाषणाला नाही म्हणत होती.

"कॅप मी करतो," यानं छातीठोकपणे सांगितलं.

"मग उभी राहीन," ती म्हणाली.

कॅप ज्या झिर्कोनिया नावाच्या पांढऱ्या सिरॅमिकची करतात, त्याचं सगळं तंत्र त्याला तोंडपाठ. खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून मशीन दात कोरतं, पाचव्या हिश्श्यानं मोठा. भट्टीत तो आवळून मापात येतो. तिथं आतल्या कणांना घट्ट रचना मिळते, आणि थंड झाल्यावरही ती टिकावी म्हणून त्यात यट्रिया नावाचं ऑक्साइड मिसळलेलं असतं.

सोमवारी यानं भट्टीला ठरल्यापेक्षा जास्त आच दिली, जास्त वेळ दिला. जास्त भाजलं की जास्त पक्कं, हे विटांचं शहाणपण या साहेबांनी दाताला लावलं! कण वाढून माजले, थंड होताना रचना सोडून फुगले आणि दात तडकला.

बुधवारी दुसरा झकास निघाला. आता तरी थांबावं की नाही? पण कडा केसभर लांब वाटली. घेतलं घासायचं मशीन, आणि पाणी न सोडता कोरडंच चालवलं. घासलं की वरचे कण पुन्हा फुगतात. थोडे फुगले तर उलट भेग दाबून धरतात, फार फुगले तर पृष्ठभागच उकलतो. नवशिक्यांना हे ओरडून सांगणारा हाच! भिंगाखाली बारीक भेगांचं जाळं दिसलं.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण," तो स्वतःलाच म्हणाला. त्याला खरंच रडू येत होतं, कारण आता एकच दिवस उरला होता.

गुरुवारी तिसरा निघाला. कडा पुन्हा केसभर लांबच. यानं मशीनची वायर काढून कपाटात कुलूपबंद केली आणि किल्ली बायकोला देऊन टाकली.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी कॅप बसवली. ताईनं आरशात पाहिलं.

"किंचित लांब आहे का गं?" यानं विचारलंच.

"आता हात लावलास ना, तर तुझेच दात घशात घालीन!"

दुपारी ताई उभी राहिली. हात खाली, मान ताठ, अर्धा तास मोकळेपणानं बोलली. हा पहिल्या रांगेत श्वास रोखून ती कडाच बघत बसला.

टाळ्या थांबल्या. शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "किती भरभरून बोलल्या हो तुमच्याबद्दल! एवढं कुणी भावाबद्दल बोलत नाही."

"माझ्याबद्दल?" तो म्हणाला. "काय बोलली?"