मामांचे कच्चे शिंगाडे

पाण्यावर माझ्या मामांइतका भाबडा विश्वास ठेवणारा माणूस उभ्या वऱ्हाडात झाला नसेल. पिंपळगाव राजा या गावाजवळच्या खेड्यात त्यांचं शेत गावतळ्याला लागून होतं. त्या तळ्यात ते बैल धूत, तिथंच अंघोळ करत आणि बैल पाण्यात उभे असतानाच ओंजळ भरून पिऊन टाकत. मी तोंड वाकडं केलं की म्हणायचे, "बैलाले चालते, मले काऊन नाही चालणार बे?" गावाचे प्रातर्विधीही तळ्याच्या काठीच उरकत, मामांचेही. मामींनी एकदा विहिरीचं गाळलेलं पाणी पुढं केलं, तर एक घोट घेऊन त्यांनी तांब्या परत दिला. "याले चवच नाही."

थंडीत तळ्यात शिंगाडे धरले की मामांना जेवण सुचत नसे. मांडीभर चिखलात उतरून पंचाभर शिंगाडे आणायचे. उकडलेला शिंगाडा त्यांच्या लेखी मेलेला. हिरवा, चिखलाचा शिंगाडा दातांनी टचकन फोडायचा, अर्धी साल थुंकायची आणि तो मामींच्या हातावर ठेवायचा. उरलेली साल मामी दातांनीच काढत. मूलबाळ नव्हतं; दोघं ओट्यावर बसून तासन्‌तास हेच करत. मी चाकू पुढं केला तर मामा म्हणाले, "बायकोले काय चाकूनं सोलून देऊ?" मामींनी पदरात तोंड लपवलं.

एका वर्षी मामींचं पोट दुखू लागलं. चेहरा सुजला, हातपाय वाळले, पोट तेवढं फुगत गेलं. झाडपाल्यानं उतार पडेना, तेव्हा मी दोघांना मोटारीनं बुलढाण्याला आणलं. मी तिथं कचेरीत कारकून होतो. दवाखान्यातले डॉक्टर जबलपूरकडचे. त्यांनी मला इंग्रजीत समजावलं: माणसाच्या घाणीतून जंताची अंडी तळ्यात जातात, गोगलगाईंच्या अंगात वाढतात, मग शिंगाड्याच्या सालीला चिकटतात. दातांनी सोललं की थेट पोटात. आणायला फार उशीर झाला होता.

"काय म्हने डॉक्टर?" मामांनी विचारलं. मी गप्प बसायला हवं होतं. पण चार बुकं शिकलेला मी. मामींच्या खाटेशीच सगळं सांगून बसलो. त्या डोळे मिटून पडल्या होत्या.

"म्हंजे म्याच चारलं तिले," मामा म्हणाले आणि बाहेर गेले.

मामींनी डोळे उघडले. "म्या आयकलं सारं. त्यायले सांगू नको बरं."

औषधानं मामांच्या पोटातलेही जंत पडले. ते वाचले. मामी वाचल्या नाहीत.

पुढं थंडीच्या दर बाजाराला मामा शिंगाड्यांच्या पाट्यांपाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विनवत, "उकडून खा बाप्पा, दातानं नोका सोलू." लोक हसत, म्हातारा बिघडला म्हणत.

एकदा ते अचानक बुलढाण्याला माझ्या घरी आले. पाणीही न घेता म्हणाले, "भाच्या, एकच इचारतो. तुह्या मामीले समजलं होतं काय रे?"

"नाही मामा," मी म्हणालो. "त्या झोपल्या होत्या."

"बरं झालं," मामा म्हणाले, आणि कितीतरी वेळ माझा हात धरून बसले.