पाळकबाईंचे काळे बूट

परवा नातवाच्या बुटांसाठी पॉलिशची डबी उघडली आणि त्या वासासरशी मी गडहिंग्लजजवळच्या एका शाळेच्या पटांगणात जाऊन उभा राहिलो.

तिथं मी नवा मास्तर होतो. प्रजासत्ताक दिनाला गावातल्या माजी सैनिकांचा सत्कार ठरला होता आणि यादी माझी होती. मी चौघांची नावं पुकारली. चौघांच्या मागोमाग चर्चच्या पाळकांची बायको, साठीच्या सुशीलाबाई, उठल्या आणि त्यांच्याच रांगेत उभ्या राहिल्या. अंगावर पांढरी साडी आणि पायात चकचकीत काळे बूट. त्या बुटांना अख्खं गाव हसायचं.

मी धावत गेलो. "बाई, बायकांच्या खुर्च्या तिकडं हाईत."

"ठावं हाय की," म्हणत त्यांनी पदरावर लावलेलं पदक सरळ केलं.

शेजारच्या म्हाताऱ्या हवालदारांनी ते पदक निरखलं. "कुठं हुता, बाई?"

"लष्कराच्या दवाखान्यात नर्स. मेजर हुते."

हवालदारांनी टाच आपटून कडक सॅल्यूट ठोकला. बाईंनीही तितकाच कडक परत केला आणि हळूच मला म्हणाल्या, "मास्तर, आता खुर्ची हितं आणा. गुडघं दुखत्यात."

बाई नव्वदी ओलांडून गेल्या. 'त्यांनी कधी सांगितलंच नाही,' असं मी पुष्कळ वर्षं लोकांना ऐकवत आलो. खरं तर ते बूट रोज सकाळी माझ्या दारावरून जायचे, आणि मी रोज विचारायचो, "पाळकसाहेब बरं हाईत न्हवं?"