दाराला दोरी असलेली गाडी

आमच्या मॅडमच्या गाडीला आतून दार उघडायला मूठ नव्हती. तिथं कापडी पट्ट्याची एक लाल दोरी होती. ती ओढली की दार उघडायचं. मागची सीट नव्हती. गाणी ऐकायची सोय नव्हती. एसी नव्हता, आणि आमच्याकडचा मे महिना ज्यानं पाहिलाय त्याला याचा अर्थ सांगायला नको. यातलं काही मोडलेलं किंवा चोरीला गेलेलं नव्हतं. गाडी हलकी व्हावी म्हणून कंपनीनंच ते काढून टाकलं होतं, आणि काढून टाकण्याचे वर जास्त पैसे घेतले होते. हे सगळं असलेली तीच गाडी बरीच स्वस्त मिळत होती. ही मात्र स्पेशल एडिशन, जगात मोजकीच बनवलेली. स्टिअरिंगजवळ धातूची एक छोटी पट्टी होती आणि तिच्यावर ही गाडी कितवी ते कोरलेलं होतं. त्या पट्टीपायी एवढे पैसे घालवले, असं आमचा भाग, सगळा उस्मानपुरा, म्हणायचा. मीही मनातल्या मनात तेच म्हणायचो.

मॅडम म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ. मूळच्या पाचोडच्या, जमीनदार घरातल्या. लग्न, शिक्षण आणि वैधव्य तिन्ही या शहरात. त्यांच्या हॉस्पिटलात मी व्यवस्थापक होतो. बिलं, पगार, नातेवाइकांची समजूत काढणं, ही माझी कामं. त्या मला नुसतं ‘जाधव’ म्हणत. साठीकडे झुकलेली, केस पांढरे, सुती साडी, पायात बूट, अशी ही बाई स्पोर्ट्स कारमधून उतरायची तेव्हा चौकातले रिक्षावाले बोलणं थांबवून बघत राहायचे.

तसं आमच्या शहराला महागड्या गाड्यांचं अप्रूप नाही. जमिनीला भाव आला, वाळूजमध्ये कुणाचा कारखाना चालला, की दारात गाडी येते. पण ती आत बसल्यावर बाहेरचा आवाज न येणारी, गादीसारखी गाडी. मॅडमच्या गाडीत प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यात मोजता यायचा. मी एकदा धीर करून विचारलं, की मॅडम, जास्त पैसे देऊन कमी का घेतलं? त्या म्हणाल्या, “ती दुसरी गाडी मी चालवून बघितली. लई चांगली आहे. पण ती म्हणजे दोन हातमोजे चढवून पोट तपासल्यासारखं आहे, जाधव. खाली काय चाललंय ते कळतच नाही.”

हातानं कळणं हीच त्यांची खरी विद्या होती. पोट तपासण्याआधी त्या चहाचा ग्लास तळहातात धरून हात गरम करायच्या, म्हणजे बाई दचकू नये. मग डोळे मिटून तपासायच्या. सोनोग्राफीचा कागद नंतर यायचा आणि बहुतेक वेळा त्यांचंच म्हणणं परत सांगायचा. शिकाऊ डॉक्टर मशीनकडे धावले की त्या म्हणायच्या, “आधी हात लाव. मशीन कुठं पळून जात नाही.”

गाडीची मला मात्र लाज वाटायची. बिल देताना लोकांची नजर खिडकीतून त्या गाडीवर जायची आणि मी आपोआप ओशाळायचो, जणू ती मीच त्यांच्या खिशातून काढून उभी केली होती. वैजापूरकडच्या एका आजोबांनी तर सरळ मॅडमनाच विचारलं, “सिझरचे पैसे ह्या गाडीत जातेत व्हय?” मी अंग चोरून उभा होतो. मॅडम म्हणाल्या, “जातेत की, बाबा. एखादा टायर तुमचा असंल. बसून बघता का?” आजोबा खरोखर बसले. दोरी ओढून दार दोनदा उघडलं, लावलं आणि बाहेर येऊन म्हणाले, “फसवलं बाई तुमाला.” त्या इतक्या हसल्या की नर्स बाहेर धावत आल्या.

ज्याला झेपत नाही त्याच्याकडून त्या पैसे घेत नसत आणि त्याचा गवगवाही करत नसत. ज्याला झेपतं त्याच्याकडून पूर्ण घेत, आणि त्याबद्दल माफी मागत नसत. मला हे जमलं नाही. गाडीवरून टोमणा आला की मी हळूच सांगायचो, की गाडी मॅडमच्या अमेरिकेतल्या मुलानं भेट दिली आहे. लोक मवाळ व्हायचे. एक दिवस एका बाळंतिणीच्या सासूनं मॅडमचे हात धरून त्या गुणी मुलाचं तोंड भरून कौतुक केलं. मॅडमना एकुलती एक मुलगी, ती नाशिकला. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, “जाधव, मला मुलगा झाला आणि मलाच खबर नाय? डिलिव्हरी कुणी केली?” मग त्या शांतपणे म्हणाल्या, “ही गाडी माझी हौस आहे. तिच्यात शहाणपण नाही, हे मला ठाऊक आहे. पण जी गोष्ट मला लपवावी वाटेल ती मी घेणारच नाही.” त्यांनी आवाज चढवला नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

रविवारी सकाळी त्या पाचोडला जायच्या. माहेरच्या ओट्यावर बायकांना फुकट तपासायच्या. गाडीत जागा नसल्यामुळे औषधांचं खोकं मांडीवर घेऊन मी शेजारी बसायचो, आणि मागून आमचे रफिकभाई ॲम्ब्युलन्स घेऊन यायचे. रफिकभाई मॅडमहून वयानं थोडे मोठे. हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासूनचे. आडूळ मागं पडलं की रस्ता सरळ होतो. तिथं मॅडम गाडी सुसाट सोडायच्या. मी घाबरट माणूस. पण खरं सांगतो, त्या वेळी त्यांच्या हातांकडे बघताना भीती कुठं जायची कळायचं नाही. ओरडणाऱ्या त्या यंत्रात दोन हात इतके शांत होते, की देवळात गेल्यासारखं वाटायचं. डावा हात गिअरवर जाऊन परत यायचा आणि उजवा हात स्टिअरिंगवर एखादं तान्हं मूल धरावं तसा असायचा. ऑपरेशन थिएटरच्या आत मी कधी गेलो नाही. पण आत काय होत असेल ते मी तिथं पाहिलं, असं मला वाटतं.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, अशाच एका रविवारी, त्यांच्या कपाळावर आठी आली. म्हणाल्या, गिअर टाकताना गाडीचं नाक थरथरतंय. मला काहीच जाणवलं नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्यांनी गाडी पुण्याला पाठवली. तिथं चाकं, स्टिअरिंग, सगळं तपासून काही दोष नाही म्हणाले. त्यांनी तरी टायर बदलून घेतले. थरथर गेली नाही. मी मनात म्हटलं, घ्या स्पेशल एडिशन.

मग एका रविवारी परतीच्या वाटेवर त्यांनी आडूळच्या अलीकडे गाडी कडेला घेतली, मागून येणाऱ्या रफिकभाईंना थांबवलं आणि चावी त्यांच्या हातात दिली. गिअर टाकताना डावा हात सुटतो तेव्हा स्टिअरिंग कसं वागतं ते बघा, एवढंच सांगितलं. स्वतः बाभळीखाली उभ्या राहिल्या. मी रफिकभाईंच्या शेजारी बसलो. त्यांनी बिसमिल्ला म्हटलं आणि गाडी पुढच्या वळणापर्यंत नेऊन परत आणली, मग पुन्हा एकदा नेली. उतरल्यावर त्यांनी चावी रुमालानं पुसली.

“गाडी सीधी है, म्याडम.”

“पक्का, रफिकभाई?”

“दो बार देख्या. गाडी में कुछ नहीं.”

मॅडमनी उजवा हात समोर धरला. उन्हात बोटं पसरली. मी जवळून बघितलं. हात दगडासारखा स्थिर होता. रफिकभाई दुसरीकडे बघत होते. मला तर आनंदच झाला होता, की गाडी ठीक आहे, खर्च वाचला. मॅडमनी हात खाली घेतला आणि विचारलं, “उद्या ऑपरेशनला कोण आहे?”

पाचोडचीच एक बाई होती, गर्भाशयाच्या गाठीची. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या सर्जनला फोन लावा. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की थरथर गाडीत नव्हती, त्यांच्या उजव्या हातात होती. आणि मी जे बोललो ते आठवलं की आजही मान खाली जाते. हात अगदी स्थिर दिसतोय, म्हणालो. सोबत एखादा डॉक्टर उभा करू, म्हणालो. आणि शेवटी ते तोंडातून गेलंच: आपलं हॉस्पिटल ऑपरेशनवर चालतं, मॅडम. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात जड गोष्ट त्यांना कळली होती, आणि माझ्या डोळ्यांपुढं पगारपत्रक होतं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “दिसत नाही तोवरच थांबायचं असतं, जाधव. दिसायला लागल्यावर थांबलं म्हणजे मधल्या बायकांचं काय?”

चावी त्यांनी परत घेतली नाही. गाडी रफिकभाईंनी आणली. ॲम्ब्युलन्स मी चालवली आणि मॅडम माझ्या शेजारी बसून आल्या. वाटेत त्यांनी शेतातल्या मोसंबीच्या बागांबद्दल दोन-तीन गोष्टी विचारल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बाईची सासू अडून बसली. म्हणाली, “आमी तुमच्या हाताच्या भरवशावर आलो. तुमचाच हात पायजे.” मॅडम तिच्याशेजारी बाकावर बसल्या. वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मावशी, माझा हात पहिल्यासारखा राहिला नाय. म्हणून दुसरा चांगला हात बोलवलाय. मी आत उभी राहते.” मी दारातच उभा होतो. माझ्या जागी कुणीही असता तर पाठदुखी, ताप, काहीतरी सांगितलं असतं. म्हातारीनं त्यांचा तो उजवा हात घेऊन स्वतःच्या गालाला लावला. ऑपरेशन तरुण सर्जननं केलं. नर्सनं नंतर सांगितलं, की मॅडम पूर्ण वेळ मागं उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीशी बांधून.

मेंदूच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेलो होतो. कंपवाताची ती अगदी सुरुवात होती. डॉक्टरांना नवल वाटलं. इतक्या लवकर कुणी येत नाही, घरच्यांनासुद्धा दिसायला वेळ लागतो, तुम्हाला कळलं कसं, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, गाडीनं सांगितलं. त्यांना तो विनोद वाटला. ते हसले. मॅडमनी त्यांना हसू दिलं.

ऑपरेशनं थांबली, ओपीडी चालू राहिली. हॉस्पिटल लहान झालं, पण चाललं. रविवारचं पाचोडही चालू राहिलं, ॲम्ब्युलन्समधून. अशाच एका रविवारी तिथल्या हॉटेलात चहा घेताना मी त्यांना विचारलं, की मग त्या गाडीचे जास्तीचे पैसे वसूल झाले म्हणायचे का? त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला होता. त्या म्हणाल्या,

“एखाद्या बाईचा जीव वाचला असंल. कोणत्या, ते कधी कळायचं नाही. तिलाही नाही अन् मलाही नाही. मग भाव कसा लावायचा?” मग त्या म्हणाल्या, “अन् घेतली तेव्हा असलं काही डोक्यात नव्हतं हां. उगाच मला शहाणी करू नका. आवाज आवडला म्हणून घेतली.”

गाडी पुण्याच्या एका हौशी माणसानं नेली. अशा गाड्या जमवून झाकून ठेवणारा तो होता. मीटरवरचा किलोमीटरचा आकडा बघून त्याला हळहळ वाटली. एवढी दुर्मीळ गाडी तुम्ही फार चालवली, नाहीतर दुप्पट किंमत आली असती, असं तो म्हणाला. मॅडमनी त्याला पाणी दिलं आणि गाडी थंड असताना दुसरा गिअर घाई करून टाकू नका, एवढंच सांगितलं. आता त्या नाशिकला मुलीकडे असतात. फोनवर आवाज खोल गेलाय. पण त्यांची आठवण आली की माझ्यासमोर गाडी गेली तोच दिवस उभा राहतो.

गाडी फाटकातून बाहेर पडली. रफिकभाईंनी फाटक लावलं नाही. मॅडम पायरीवर उभ्या होत्या, मान किंचित तिरकी, डोळे मिटलेले, पोट तपासताना असायचे तसे. आवाज उस्मानपुऱ्याच्या चौकापर्यंत गेला, तिथं थबकला आणि पुन्हा चढला.

“दुसरा गिअर टाकायला उशीर केला त्यानं,” त्या म्हणाल्या.

आवाज पूर्ण विरेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग साडीचा पदर खोचला, आत वळल्या आणि बाकावर बसलेल्या बायकांवरून नजर फिरवत मला म्हणाल्या, “पहिली कोण आहे? पाठवा तिला आत.”